खांदे बघणाऱ्या अंजनाकाकू

अंजनाकाकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी खांद्याकडे. दारात भाजीवाली येवो, पोस्टमन येवो की व्याही, त्यांची नजर आधी तिथेच जायची. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. दप्तर उतरवून घेतलं, गणवेशाची कॉलर जरा बाजूला केली, पट्ट्याचे लाल वळ बघितले आणि आतल्या खोलीतल्या काकांना ओरडून सांगितलं, "बघा हो, इंग्रजी शाळा लय वजनदार असती." मग खोबरेल तेलाचं बोट वळांवरून फिरवलं.

मी पुटपुटले, "थँक्यू."

"बरं, म्हणलीस. आता काय करतीस?"

शाळेत थँक्यू म्हटलं की विषय संपायचा. काकूंनी माझ्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची परात सरकवली आणि शेजारी बसून त्याही शेंगा फोडायला लागल्या. त्या दिवशी मी आणखी एक शब्दही बोलले नाही. त्यांनीही बोल म्हटलं नाही.

परभणीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत काकू तळमजल्यावर राहायच्या. काका सरकारी कचेरीत कारकून, मुलगा नांदेडला हॉस्टेलवर. ज्यांचे आईवडील दोघंही नोकरीला, अशी इमारतीतली आम्ही पोरं शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे असायचो. "पोरांची सवय सुटू नये म्हणून ठिवलेत," असं त्या कुणीही विचारलं की सांगायच्या. त्यांनी आम्हाला कधी गोष्ट सांगितली नाही की श्लोक शिकवले नाहीत. पत्ते मात्र शिकवले आणि त्यात त्या उघड उघड लबाडी करायच्या. पकडलं की म्हणायच्या, "मोठ्या मानसावर इश्वास ठिवू नये, हे तुमाला शिकवायलेय." आंब्याच्या लोणच्याची बरणी त्यांनी आमच्यापासून कपाटात कुलूपबंद ठेवली होती.

पण 'आता काय करतीस?' यातून सुटका नव्हती. पाण्याचा टँकरवाला आला की कुणीतरी त्याला आधी पाणी पाजायचं. झाडणाऱ्या मावशी जिन्यात आल्या की आमच्या चपला आम्हीच उचलायच्या. "उपकार तोंडानं फिटत न्हाई माय, हातानं थोडाबहुत फिटतो," असं म्हणत त्या स्वतः मात्र टीव्हीपुढे पाय पसरून बसायच्या.

काकूंचं माहेर पेडगावचं. तिथे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद-तूप चोळायचं आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. मी तिसरीत असताना काकूंच्या भावानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. काकूंनी दोन दिवस टीव्हीसुद्धा लावला नाही. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वाटीत हळद-तूप कालवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "बैल न्हाईत तर न्हाईत. खांदे तर हायेत की."

तेवढ्यात बाबूमामा तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर पोचवून खाली येत होते. गॅसच्या टाक्या खांद्यावरून वाहून नेणारा हा माणूस आम्हा सगळ्यांना ओळखायचा. काकूंनी त्यांना पायरीवर बसवलं, खांदा बघू म्हणाल्या. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता, कातडी काळी आणि निबर झाली होती. आम्ही पोरांनी आळीपाळीनं हळद-तूप लावलं. मामांनी डोळे मिटले होते. शेवटी काकूंनी खूण केली आणि आम्ही एका सुरात म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

जिन्यात थांबून बघणारे वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मोठ्यानं हसले. "घ्या. मामाचा बैल केला की."

मामांनी डोळे उघडले. शर्टाची बटणं लावली, रिकामी टाकी उचलली आणि सरळ निघून गेले. काकूंच्या हातात वाटी तशीच राहिली. त्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्यांच्या माहेरी बैलाहून मानाचं कुणी नव्हतं.

आई नेमकी त्याच वेळी बँकेतून आली होती. घरी गेल्यावर ती चिडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिनं बाबांना शांतपणे सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून मला एका क्लासला घालायचं. तिथे इंग्रजी संभाषण शिकवतात, व्यक्तिमत्त्व घडवतात. काकू चांगल्या आहेत, पण तिथे राहून ही आणखीच गप्प झाली आणि आता गरीब माणसाचा अपमान करायला शिकली. मला सांगायचं होतं की काकूंच्या घरात मी गप्प असते कारण तिथे गप्प बसलेलं चालतं. पण हे सांगायला बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुरण घातलं. आम्ही पोरं ओळीनं बसलो होतो, पण काकू आम्हाला वाढेनात. आवतण दिलेला माणूस जेवल्याशिवाय पोळीला हात लावायचा नाही, म्हणाल्या. तो येणार नाही हे आम्हाला कळत होतं. त्यांनाही कळत असावं, कारण त्या सारख्या दाराकडे बघत होत्या आणि आमच्यावर उगीच खेकसत होत्या. आई क्लासचं सांगायला खाली आली आणि उंबऱ्यातच बाजूला सरकली, कारण तिच्या मागून बाबूमामा आले होते. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला.

काकू पुढे झाल्या. "मामा, चुकलं माझं. तुमाला असं म्हनायचं नव्हतं."

"म्हनलं तर म्हनलं, आक्का," मामा म्हणाले. "रातभर इचार केला. आमच्या मालकापरीस बैलाचा मालक बरा, सालातून एकदा तरी जेवू घालतो."

काकूंना हसू आवरेना. आईसुद्धा हसली आणि मग काय करावं हे न कळून भिंतीला टेकून उभी राहिली. मामा पाटावर बसले. काकूंनी पोळी वाढली आणि त्या आमटी आणायला आत गेल्या. मामा तुपासाठी थांबलेत हे मला दिसत होतं. मागायचा संकोच वाटणारी माणसं मला लगेच ओळखू येतात. मी तुपाची वाटी उचलली आणि म्हणाले, "मामा, तूप वाढू?"

आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा आला. आईनं माझ्याकडे बघितलं. बाहेरच्या माणसाशी मला आपणहून बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"वाढ माय, सढळ हातानं," मामा म्हणाले.

आईनं काकूंना क्लासचं काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दहावीपर्यंत मी तळमजल्यावरच वाढले. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा स्वतःच विचारायचे, "आक्का, औंदा खांदा कवा बघायचा?"

काका निवृत्त झाल्यावर दोघं पालमला, काकांच्या गावच्या घरी राहायला गेले. मी पुण्यात नोकरी करते आणि अजूनही कमीच बोलते. यंदा आईकडून कळलं की काकूंचा खांदा आखडलाय, अंबाडासुद्धा बांधता येत नाही. पोळ्याची रजा काढली आणि परभणीहून एसटीनं पालमला गेले. काकू दारात उभ्या होत्या. माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग बघून म्हणाल्या, "अजून वजन उतरलं न्हाई का गं?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. टॉवेल गरम पाण्यात पिळून खांदा शेकला, हळद-तूप चोळलं. त्या कण्हत होत्या आणि मला हळू हळू म्हणून रागवत होत्या. मग मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "काकू, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

त्यांनी चांगल्या हातानं पदर सावरला. मग आयुष्यात पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "थँक्यू गं."

"बरं, म्हणलात. आता काय करता?"

त्या इतक्या हसल्या की खांद्यातून कळ गेली. "काय करनार? उद्या जेवाया येनार."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात मी पोळ्या केल्या. पहिली फाटली, दुसरीचं पुरण तव्यावर आलं, घरभर करपल्याचा वास सुटला. काकांनी दोनदा आत डोकावलं. काकू मात्र पाटावर बसून होत्या, आवतण घेतलेल्या माणसासारख्या. एकदाही उठल्या नाहीत.