फक्कीनं आखलेलं घर

पौड रस्त्याला आम्ही सहा कुटुंबं मिळून इमारत बांधणार होतो. कागदावरचा नकाशा कुणालाच उमगेना, म्हणून आर्किटेक्ट बाईंनी शेतातच फक्की मारून पहिला मजला खऱ्या मापात आखला, कबड्डीचं मैदान आखतात तसा. "आपापल्या घरात वावरून बघा," त्या म्हणाल्या. "अडेल तिथं रेघ पुसा. पण शेजाऱ्याला विचारून."

बायकोची मागणी एकच होती. स्वयंपाकघरात परात घेऊन वळता आलं पाहिजे, बास. भाड्याच्या घरात तिचं कोपर रोज फ्रिजवर आपटतं. त्या रविवारी ती माहेरी होती, त्यामुळं मी एकटाच गेलो.

मला नाही म्हणता येत नाही. कुणाचा चेहरा पडला की तो मीच पाडला असं वाटतं. जागेचे मूळ मालक आमचे शेजारी होणार होते, त्यांची न्हाणी आमच्या स्वयंपाकघराला लागूनच. म्हातारे आपल्या न्हाणीच्या चौकोनात उकिडवे बसले. "पावणं, पाठ घासाया गेलं की कोपर लागतंय भिताडाला."

जमीन त्यांची, आणि त्यांनाच आंघोळीची अडचण! मी शरमेनं आमच्या स्वयंपाकघराची रेघ पायानं पुसून आत घेतली. तेवढ्यात त्यांची बायको आली. "आन् बंब कुटं ठिवायचा?" मी आणखी आत सरकलो.

पुढच्या रविवारी माझी बायको आली. दाराच्या जागी तिनं चप्पल काढली, स्वयंपाकघरात उभी राहिली, हवेतली परात धरून वळली. कोपर रेघेपलीकडे गेलं.

"ओ ताई, हात काडा," पलीकडून काकू ओरडल्या. "मालक आंगुळ करत्यात!"

म्हातारे सदऱ्यासकट बसले होते. त्यांनी लगबगीनं पाठ फिरवली.

"माफ करा हं," मी म्हणालो.

"अहो, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून माफी कसली मागताय?"

मी सगळं सांगून टाकलं. बंबाचंही.

"बंब राहू दे. तुमची बाल्कनी कुठंय?"

मी दाखवली. तिथं खुर्ची टाकून डोंगराकडं बघत बसायचं मी ठरवलं होतं. तिनं फक्कीचं घमेलं उचललं, मधली रेघ टाचेनं पुसली आणि स्वयंपाकघर थेट कठड्यापर्यंत नेलं. मग परात धरून वळली. पुरती वळली. मला इतकं हायसं वाटलं की खुर्चीचं ध्यानातच राहिलं नाही.

"मग मी कुठं बसू?" मी जरा वेळानं विचारलं.

"न्हाणीत या की," म्हातारे म्हणाले. "लई जागा हाय."