पुडीची मागची बाजू

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वसमतला बाबांचा लहानसा छापखाना होता. पायाने चालवायचं एकच मशीन. लग्नसराईत त्यावर पत्रिका निघायच्या आणि एरवी मोर्चाची, दारूबंदीची, पाण्याच्या मागणीची पत्रकं. माझ्या वह्यांना कव्हरंही पत्रकांचीच. बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या तळाशी काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव नसेल, तर ते छपाईच्या खिळ्यांना हात लावत नसत. कायदा होताच, पण कायदा नसता तरी त्यांनी लावला नसता. म्हणून कुठलाही छापील कागद हातात आला की मी आधी तळाशी बघते. ही सवय मला मोडायची नाही.

मागच्या गल्लीत आत्या राहायची. ती उटणं करून विकायची. संत्र्याच्या साली, मसूर डाळ, नागरमोथा, वाळा, कचोरा, सगळं गच्चीवर वाळायचं आणि दळून आलं की मी ते फडक्यातून चाळायचे. शेजारच्या बांगडीवाल्या चाचींची मुलगी माझी वर्गमैत्रीण. ती दारातच बसायची, नाकाला ओढणी दाबून. लहानपणी कुणाच्या तरी लग्नात तिच्या गालाला हळदीचं बोट लागलं आणि तिचं तोंड असं सुजलं की डोळे उघडेनात. तेव्हापासून ती पिवळ्या वस्तूपासून चार हात लांब. आणि आत्याचं उटणं तर पिवळंधमक.

एका डब्यातलं काहीतरी मात्र आत्या दार लावून एकटीच उटण्यात मिसळायची. त्यात काय असतं, असं विचारलं की म्हणायची, "तुझ्या बापाला विचार." बाबांनाही ते ठाऊक नव्हतं.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी बारावीत होते. आत्याचं उटणं ठेवणारा बाजारातला दुकानदार म्हणाला, "बाई, आता सुटं चालत न्हाई. छापील पुडी करा, पार नांदेडपर्यंत पाठवतो." पुढच्या बाजूचा मजकूर त्यानेच दिला: 'वसमतच्या अस्सल हळदीचं सुगंधी उटणं'. खिळे जुळवायला मी बसले. मागची बाजू कोरी होती. मी आत्याला विचारलं, "यात काय काय आहे ते सांग, मागे छापायचंय."

"काहून?"

"माणसं अंगाला लावतात म्हणून."

"इतकी वर्षं लावून राहिलेत, कोणी मेलं का? समदं छापलं की गल्लीतल्या बाया घरोघर उटणं कुटतील. मी काय मंग टाळ कुटू?"

"साध्या पत्रकाला खाली नाव लागतं, आणि लेकराच्या अंगाला चोळायच्या पुडीला काहीच नको?"

"आली मोठी मोर्चावाली! दादा, हिला आवर. उद्या चुलीवरच्या भाताला घोषणा द्यायला लावंल ही."

बाबा हसले, पण मशीनपाशी गेले नाहीत. "मजकूर पुरा झाल्याशिवाय मी छापत नसतो," एवढंच म्हणाले. आत्या पाय आपटत निघून गेली. मीही खिळे तसेच ठेवून दिले. अर्धं सांगणारा कागद मी जुळवणार नव्हते.

त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. स्थळ डोंगरकडा गावातलं. चाची तिला घेऊन आत्याच्या ओसरीवर आल्या. मी साली निवडत तिथेच होते. चाचींचा जीव टांगणीला लागला होता. "क्या करूं, बाई? हल्दी नहीं लगाए तो पोरी में खोट है बोलेंगे लोगां. और लगाए तो तुम्हाला मालूम है."

आत्या आत जाऊन उटण्याचा डबा घेऊन आली आणि तो मुलीपुढे ठेवला. "हे लाव. कोणाला कळनार न्हाई."

मुलगी भिंतीला टेकली. "यात तर हळदच आहे."

"न्हाई."

"पिवळं आहे, मावशी!"

"पळसाची फुलं हायत ती. वाळवून दळलेली. हळदीचं बोट बी लागलेलं न्हाई ह्याला."

मग आत्या एका दमात बोलून गेली. तिच्या स्वतःच्या हळदीला तिचं अंग असंच पेटलं होतं. सासरच्यांनी पोरगी अपशकुनी म्हणून तोंडं फिरवली. त्यानंतर तिने हे उटणं आधी स्वतःसाठी केलं. पळस मेंढरांमागे फिरणाऱ्या बायांकडून गुपचूप आणवायची. पण घरोघर हळद शिजवणाऱ्या गावात बिनहळदीचं उटणं कोण घेणार? दुकानदार हळदीचं म्हणाला, ती गप्प राहिली.

"म्हणजे 'अस्सल हळदीचं' हे खोटं!" मी उठलेच.

"मी कुठं म्हनले? त्यो म्हनला."

माझं भाषण ओठावर आलं होतं. पण मैत्रीण आधी बोलली, आणि तेही हळूच. "मावशी, मी इतकी वर्षं दारात नाक दाबून बसले. तुमी समोर होता, तरी मला कळलं न्हाई. डोंगरकड्याच्या दुकानात पुडी दिसली तर मी कोणाला विचारू?"

आत्याने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापखान्यात आली. पुढच्या बाजूचं 'अस्सल हळदीचं' तिने आधी काढायला लावलं, मग उभ्याउभ्याच एकेक नाव सांगत गेली, मी जुळवत गेले. 'पळसाची फुलं' म्हणताना तिने बाबांकडे चोरून पाहिलं. "अन् खाली मोठ्या अक्षरात टाक, यात हळद नाही."

"आणि प्रमाण?"

"प्रमाण माझ्यासंगं जाईल."

त्यावर मी वाद घातला नाही. अंगाला काय लागतंय हे कळणं लावणाऱ्याचा हक्क आहे. किती आणि कसं हे आत्याच्या हातांचं, त्यावर तिची चूल पेटते. दोन्ही गोष्टी एका पुडीवर मावतात, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

दुकानदाराने पुडी उलटीसुलटी केली. "वसमतमधी बसून हळद न्हाई लिवता? त्यापरीस दुकानाला कुलूप लावायला सांगा की!" त्याने माल ठेवला नाही. आत्याने पुड्या पिशवीत भरल्या आणि आठवडी बाजारात पोतं अंथरून बसली. बायका वाचायच्या, हसायच्या, पुढे जायच्या. मग एखादी परत यायची आणि खाली वाकून विचारायची, "खरंच न्हाई का हळद? आमच्या सुनंला सोसत न्हाई."

मैत्रिणीच्या हळदीला चाचींनी काही लपवलं नाही. विहीणबाईंच्या हातात पुडी दिली, मागची बाजू मी मोठ्याने वाचली. विहीणबाई कुरकुरल्या, शेवटी म्हणाल्या, "पीला है ना? बस, लगाव." मुलगी पिवळी झाली, सुजली नाही.

आत्याला भीती होती तेही झालंच. काही वर्षांनी बाजारात दुसऱ्या कुणाची तरी पुडी आली, तशीच पिवळी, तोच वास. आत्याने ती विकत घेतली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तिने पुडी हातात फिरवली आणि आधी मागे बघितलं. मागे काहीच नव्हतं.

"चल," ती चप्पल पायात सरकवत म्हणाली. "कोण करून राहिलंय ते बघू. चोरलं तर चोरलं, पन छापा म्हनावं."