भरलेल्या खाटा

दवाखान्यात नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, न धुतलेल्या बाटल्यांसारखे आपोआप साचतात. मी राळेगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. हसायचं तर हसा बाबांनो, मला आता फारसं हसू येत नाही.

*

आमच्या खिडकीतून सरकी काढायचा जिनिंग कारखाना दिसायचा. कापसाचे ढीगच्या ढीग! अन् दवाखान्यात जखमेवर ठेवायला बोळा नाही. तो सरकारी मागणीनंच यायचा, थेट मुंबईहून. डॉक्टरसाहेब कपाळावर हात मारायचे, "वऱ्हाडात बसून कापसाची वाट पाहतोय मी!"

*

पेरणीच्या दिवसांत आजारी माणूससुद्धा शेतात जातो. नेमके तेव्हाच यवतमाळहून तपासणीचे साहेब आले. निम्म्या खाटा रिकाम्या!

"रोगी नाहीत तर खाटा कशाला? पुन्हा अशा दिसल्या तर दुसरीकडे पाठवतो!"

त्या खाटांसाठी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "लोकांना बरं केलं, हाच आपला गुन्हा!"

*

पुढच्या तपासणीला आमचा शिपाई गणपत कामाला लागला. त्याचा मेहुणा, चुलते, शेजारी, सगळे ब्लँकेट ओढून आडवे! साहेबांनी मेहुण्याला विचारलं, "काय होतंय?"

"काई नाई साहेब, गनपत म्हने उठू नको!"

"तापात बडबडतोय," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. साहेबांनी मान हलवली.

*

हे चालू असतानाच फाटकात बैलगाडी थांबली. तांड्यावरचा रामू, भाड्यानं गाडी हाकणारा. गाडीत बायको, बाळंतपण अडलेलं.

"डाक्टरसाहेब, हिले आत घ्या ना!"

डॉक्टरांनी वॉर्डाकडे पाहिलं. खाट द्यायची तर साहेबांदेखत एक ठणठणीत माणूस उठून चालू लागणार. खाटा जाणार, डॉक्टरांची अब्रूही जाणार.

"निंबाखाली थांब रे, आलोच!"

साहेबांचा चहा लांबला. जीप हलली तसे डॉक्टर धावत सुटले. रामूनं बायकोच्या तोंडावर लुगडं ओढलं होतं. डॉक्टर तिथंच चाकाजवळ मातीत बसले. फार वाईट वाटलं हो मला.

*

पोळ्याच्या आधी हुकूम आला. दवाखाना उत्तम चालतो, म्हणून खाटा वाढवून मिळाल्या! यवतमाळहून त्या आणायला गाडी कोणाची मिळावी? रामूचीच. पोटासाठी भाडं घ्यावंच लागतं.

त्यानं एकट्यानं सगळ्या खाटा उतरवल्या, वॉर्डात नेऊन ओळीनं मांडल्या. मग उपरण्यानं तोंड पुसलं अन् डॉक्टरांसमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, यातली रिकामी कोनती ठेवसान?"