आईच्या हातात माइक दिला तेव्हा

"बोला बाई, तुमच्या डोंगरातल्या भाषेत बोला. लोकांना जरा मजा यिऊ द्या."

न्हावरे गावात साक्षरता वर्गाचा समारोप होता. माइक देणारे आप्पा म्हणजे गावचे बडे बागायतदार, कार्यक्रमाचे अध्यक्ष. वर्ग मीच घेतला होता. आई उतारवयात अक्षरं शिकली, तीही माझ्या हट्टापायी.

आम्ही ठाकर. कांद्याच्या कामाला डोंगर उतरून आलो आणि इथंच राहिलो. शाळेत मला बोलीवरून इतकं चिडवलं की मी ती घरात ठेवूनच बाहेर पडायला लागले. आईला ते जमलं नाही. माइक हातात आल्यावर तिला वाटलं, आज मान मिळाला. आमच्या वाडीत चारचौघांत बोलायचा मान मिळाला की माणूस आधी आपल्या मेलेल्यांना नावानं हाक मारतो. या, बसा, ऐका. मग बोलतो.

आईनं डोळे मिटले. आज्याला, आजीला हाक मारली. मंडपात हसू फुटलं. कुणी तिच्यासारखे हेल काढायला लागलं. मग तिनं माझ्या भावाला बोलावलं. तो लहानपणीच तापानं गेला.

"ये रं सोमा, बस माझ्यापाशी."

लोक यालाही हसले. पुण्यात गेलं की या गावकऱ्यांच्याच 'न्हाई'ला, 'व्हय'ला लोक हसतात. आणि गावात हे आम्हाला हसतात. मला राग यायला हवा होता. आधी थकवाच आला. किती वर्षं हेच.

आईनं डोळे उघडले. तिला सगळं कळलं. तिनं माइक खाली केला.

"थांबा," हातातला मोबाइल बघत आप्पा म्हणाले. "व्हिडिओ नीट आला न्हाई. परत एकदा घ्या, पहिल्यापासनं."

आईनं माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांना नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं माइक पुन्हा तोंडाशी नेला. सोमाला ती परत त्या हसण्यात आणून बसवणार होती.

मी मंचावर गेले. माइक घेतला. गावासमोर पहिल्यांदाच माझ्या बोलीत बोलले.

"नाय आप्पा. आमची माणसं दोनदा यायची नाय."

"अगं, गंमत हाय. शिकल्याली पोर तू, असं काय बोलतीस?"

मी माइक आप्पांच्या हातात परत दिला. आईला घेऊन खाली उतरले.

वर्ग मी पुढंही घेणार. पण आईच्या बोलण्याचा अर्थ आता गावाला सांगत बसणार नाही. जन्मभर आम्ही यांची भाषा शिकलो. ज्याला आमची हवी, त्यानं आमच्या दारात यावं, खाली बसावं आणि शिकावी.