देवाच्या वातीचा कापूस

माझ्या सासूला माणसांकडून काम करून घेता यायचं. ती रागावत नसे आणि गोड गोडही बोलत नसे. आमची जमीन मानोऱ्याच्या वाटेवर, सगळी काळी. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की बाया कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरत. संध्याकाळी बांधावर एकेकीची गठडी सुटे. सासू त्यांत हात घालून बघे, आणि ज्या गठडीत पाल्याचा कण नसेल तिच्यातून मूठभर कापूस काढून पदरात बांधे. "आज देवाची वात तुह्या कापसाची," एवढंच म्हणे. त्या रात्री आमच्या देवघरात त्या कापसाची वात लागे.

मजुरी सगळ्यांना सारखीच. पण जिचा कापूस निघाला ती घरी जाताना पुढे चाले, आणि मागच्या तिला चिडवत, "हळू चाल वं, देवाची सोयरीक झाली तं पाय जमिनीले लागून नाई राह्यले!" दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी निवडून निवडून वेचत. दुसऱ्यांच्या शेतात मालक बांधावर उभा राहून ओरडे, तरी त्यांच्या कापसात पाला यायचा. आमच्यात येत नसे.

लढाईच्या दिवसांत एका वर्षी ऐन वेचणीत सासूला हिवताप आला. ती अंथरुणाला खिळली. बांधावर मी उभी राहू लागले. तिने मला एकच सांगितलं होतं, "सगळ्यात साफ असंन त्याची वात. तोंड पाहू नको, कापूस पाय."

पण सासू स्वतः तोंड पाहायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून काही बाया यायच्या, त्यांच्यात एक उंच, काळी, कमी बोलणारी बाई होती. तिच्याइतका साफ कापूस कुणाचा नसे. सासूचा हात तिच्या गठडीवरून पुढे सरके. कापूस मात्र सगळ्यांच्या कापसासोबत एकाच ढिगात पडे, एकाच गाडीत भरला जाई. त्या दिवसांत याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. मीही काही दिवस तसंच केलं.

दुसऱ्या वेचणीला आभाळ भरून आलं. पऱ्हाटी पांढरीफक्क फुटलेली. पाऊस पडला असता तर सगळ्याची कवडी झाली असती, पिवळा डागी कापूस, कुणी हात लावत नाही असा. आणि त्याच दिवशी दुपारी भाकरी खाताना ती बाई मला म्हणाली, "उद्यापासून मी येत नाई. मालेगावकडं वेचणीले जातो."

ती गेली की तिच्या वस्तीतल्या सगळ्या जाणार, हे मला कळत होतं.

"काहून? मजुरी कमी पडली काय?"

"मजुरीचं काई नाई."

"मंग कायचं हाय?"

शेजारच्या पातीवर, म्हणजे कपाशीच्या ओळीवर, वेचणारी गावातली म्हातारी मजूर तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "तिले देवाची वात पायजे असंन!" आणि सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिने भाकरीचं फडकं झटकलं आणि उठून कामाला लागली.

मी काही सुधारक नव्हते. माझी चौथी झालेली, व्याख्यानं मी ऐकली नव्हती. मला कापूस घरात यायला हवा होता. पण ती न हसता उठली, ते मला दिसलं. पोटाला लागतं ते मजुरीत मिळतं. दिवसभर वाकून केलेलं काम कुणी बघितलं की नाही, ते मजुरीत येत नाही. तिचं तर इतकी वर्षं रोज बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या गठडीत हात घातला. मूठभर काढला, पदरात बांधला. "आज देवाची वात तुह्या कापसाची."

मग म्हातारी म्हणाली, "अवं बाई, चुकली काय तू? गठडी कोनाची हाय ते पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"सासूले इचारलं?"

"तिनंच सांगतलं, साफ असंन त्याची वात. याच्यात पाला दाखव, मी परत ठेवून देतो."

म्हातारीने खरंच वाकून बघितलं. दाखवायला काही नव्हतं. ती बाई मात्र मला म्हणाली, "पाय बाई, रातीतून तुमचा दिवा इझला तं मले बोल लावजो नको."

घरी सासूने विचारलं, "कोनाचा कापूस?" मी सांगितलं. तिने हात पुढे केला, कापूस अंगठ्याने चिवडून बघितला. बराच वेळ बघितला.

"मले सांगतलं नसतं तं चाललं असतं," ती म्हणाली.

"तुमी इचारलं."

तिने कापूस माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. फेक म्हणाली नाही. मी सरकी काढली, वात वळली, दिवा लावला.

सकाळी आभाळ तसंच होतं. गावातल्या बाया आल्या. वस्तीतल्या बायांच्या पातींवर कुणी नव्हतं. मी बांधावर उभी राहून वाटेकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. ऊन नव्हतंच, त्यामुळे किती उशीर झाला तेही कळेना. मग ती आली, मागून तिच्या वस्तीतल्या बाया.

"इझला काय?" तिने विचारलं.

"तेल सरल्यावर इझला."

"मंग ठीक," ती म्हणाली. तिने ओटी बांधली, आणि बांधाजवळची मानाची पात कायम म्हातारी धरायची, ती तिने धरली. म्हातारी काहीतरी पुटपुटली, पण सरकली.