काळ्या पट्ट्याची लादी

दुकानाच्या मागच्या भिंतीला ग्रॅनाईटची एक लादी टेकवून ठेवलीय. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की मी म्हणतो, "ती बुक आहे." कुणासाठी, आणि अजून इथेच का, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

कांदिवलीत माझं लाद्यांचं दुकान. ओटे, पायऱ्या, उंबरठे. ही लादी ज्यांच्यासाठी, त्या बाई जवळच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आल्या त्या ओट्यासाठी. ओटा बसला, बाई येत राहिल्या. पिशवीतून बाटली काढून लादीवर पाणी ओतायच्या, पदरानं पुसायच्या आणि भिंग लावून वाकायच्या. "सावकाश थंड झालाय हो हा."

तुमच्याही ओळखीत असतील अशी माणसं, निवृत्त झाली तरी वर्ग सुटत नाही. आमच्या बाईंचा वर्ग माझ्या गिऱ्हाइकांवर भरायचा. बोरिवलीचं एक जोडपं काळा ग्रॅनाईट पसंत करत होतं. बाई म्हणाल्या, "हा ग्रॅनाईट नव्हेच. बाजारात म्हणतात आपलं."

"बाई, गिऱ्हाइकासमोर नको ना!"

"अरे, वाईट कुठे म्हणाले? कूळ वेगळं, एवढंच. ओट्याला झकास आहे. घ्या हो तुम्ही."

त्यांनी घेतला.

एकदा मीच विचारलं, कुठे दाणे मोठे, कुठे बारीक, असं का?

"खडीसाखर घाईत होते का रे? खोल जमिनीच्या पोटात वितळलेला दगड निवांत निवतो, दाण्यांना वाढायला वेळ मिळतो. तो ग्रॅनाईट. वर वाहून आलेला रस निवतो झटक्यात. आपल्या डोंगरांचा काळा दगड बघ. दाणे असतात, पण भिंगालाही दाद देत नाहीत."

मग मालात ही लादी आली. पांढुरक्या ग्रॅनाईटमधून तिरका, वीतभर रुंद काळा पट्टा. आमच्या धंद्यात हा डाग. मी परत पाठवायला काढली होती. बाई भिंग लावून वाकल्या त्या उठेनातच. मला वाटलं, कंबर धरली.

"ये, वाक इकडे. हा पांढरा आधीच निवून बसलेला. त्याला भेग पडली, तिच्यात हा तापलेला रस शिरला. कडेला गार दगड लागला, तिथे झटकन निवला. बघ, कडा कशी काजळासारखी. मधे ऊब राहिली, म्हणून मधे दाणे."

त्यांना ती शाळेच्या जिन्यापाशी लावायची होती, पोरांचं बोट पोचेल अशी. परवानगी त्यांनीच आणली. मी म्हटलं, लावून देतो, माझ्याकडून.

त्यानंतर दर आठवड्याला, "काय शेठ, दगड कधी?"

"टेम्पो नाही, बाई." "कटर बिघडलाय, बाई."

त्या स्टुलावर टेकायच्या, चहा घ्यायच्या, लादीवर पाणी ओतायच्या. "असू दे. सावकाश. जेवलास का रे?"

टेम्पो दारातच उभा असायचा. लादी गेली असती तर बाईंना यायला कारण उरलं नसतं, म्हणून मी ती अडवून ठेवली. आई गेल्यापासून 'जेवलास का' असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्या हसल्या असत्या, आणि तरीही आल्या असत्या.

दिवाळीनंतर बाई दिसल्या नाहीत. मुलुंडला मुलीकडे गेल्या असतील, असं मी धरून चाललो. मग मुलगीच आली. हातात भिंग.

"आईनं जाताना सांगितलं, हे दुकानात ठेवा, गिऱ्हाइकांना लागेल." भिंग माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तो दगड लागला का हो शाळेत? शेवटी शेवटी सारखं विचारत होती."

मी म्हटलं, "लागला."

भिंग गल्ल्यात आहे. कधी कधी लादीवर पाणी ओततो, वाकतो. मधले दाणे आता मला बिनभिंगाचे दिसतात.

लादी शाळेच्या भिंतीला लावायची अजून बाकी आहे.