इंडिया पेलेल

माझं इंग्रजी चांगलं आहे, असा माझ्या सासुरवाडीत एके काळी समज होता. तो एका रविवारी दुपारी, राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत, चहा गार व्हायच्या आत संपला.

एक ट्रंककॉल लावून माणसं दिवसभर ताटकळत बसायची, त्या काळातली गोष्ट. माझा मेव्हणा दिलीप इंग्लंडात कारखान्यात नोकरीला होता. सहा वर्षांनी आला, तो स्वेटरात गुंडाळलेल्या तीन बाटल्या घेऊन.

"दाजी, बिअर हाय. मी सोता घरात केलीय. आबांनी एकदा चाखाय पायजे."

आबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो. गूळ करणाऱ्यांतले ते नामांकित गुळव्या. खडा जिभेवर ठेवला, की ऊस कुठल्या शिवारातला, काहिलीखाली आच कुणी घातली आणि घालणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं का, एवढं सांगायचे. (शेवटचं सहसा चुकायचं नाही.) लेकानं गुऱ्हाळ सोडून विलायत धरली, तेव्हापासून ते त्याच्याशी फक्त पाऊसपाण्याचं बोलायचे. आणि दिलीपला त्यांच्या तोंडून एकदाच 'बरं झालंय' ऐकायचं होतं.

"पन दारू म्हनून सांगू नका," तो म्हणाला. "शिवनार न्हाईत."

मामा आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी बाटलीवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं. "पावणं, काय लिवलंय?"

बिअरच्या जातीचं ते नाव मी चष्मा पुसून ऐटीत वाचलं. "इंडिया पेल-एल."

"काय पेलंल?"

आता इथं गप्प बसायचं होतं. "ओझं, मामा. ताकदीचा काढा आहे. दोन घोट घेतले की माणूस अख्खा इंडिया पेलेल."

दिलीपनं कपाळाला हात लावला. बायको तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

मामांनी थोडा काढा बशीत ओतायला लावला. वास घेतला. बोटांत चोळून चिकटपणा बघितला. मग जिभेच्या शेंड्यावर थेंब ठेवून डोळे मिटले. बशीत फेस फुटत होता.

"घाई केलेली न्हाय," मामा म्हणाले. "आच धिमी ठेवलीया. शेवटाला कडू येतंय, ते चुकून न्हवं, मुद्दाम. करनारा भ्यालेला न्हाय." त्यांनी डोळे उघडले. "कुनी केलाय?"

दिलीपनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी माझं उघडलं. "कंपनीनं, मामा. लई मोठी कंपनी. तिकडचे डॉक्टर दुसरं काही देतच नाहीत."

मामांनी बशी खाली ठेवली. "मग ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आमच्या दिल्यानं केलाय. हात त्येचा वाटला."

पोरगा सहा वर्षं ज्यासाठी झुरला, ते मी एका झटक्यात कंपनीच्या नावावर करून टाकलं होतं.

"आबा, मीच केलाय," दिलीप म्हणाला.

"मग सांगाय तोंड शिवलंय व्हय तुजं?" मामांनी बशी पुन्हा उचलली आणि उरलेलं सावकाश संपवलं. "बरं झालंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दारू हाय ही. माजा जलम आंबल्याल्या रसाच्या वासात गेलाय, पावणं. काढा म्हनं. आता काढाच हाय तर तुमीच संपवा की."

तोवर मी जन्मात थेंब घेतलेला नव्हता. दुसऱ्या बाटलीला मी कपाटाला इंग्रजी व्याकरण समजावून सांगत होतो. तिसरीला माझे पाय दुसऱ्याच कुणाचे तरी झाले. तेव्हा एका काखेत मामांनी खांदा घातला, दुसऱ्या काखेत दिलीपनं. मला खाटेपर्यंत नेताना बापलेक माझ्या डोक्यावरून बोलत होते.

"कडूपना कशानं आनलास रं?"

"फुलं अस्त्यात आबा, एका येलाची. बसा, सांगतो सगळं."

त्या दोघांना जवळ आणण्यात माझा मोठा वाटा आहे, असं मी अजून आल्यागेल्याला सांगतो.

"वाटा न्हवं," बायको आतून म्हणते, "वजन."